संशोधन झाले, आता पेपर : स्पष्ट शोधनिबंध कसा लिहावा

शोधनिबंध दुर्बोध झाला की त्याचे खापर बहुतेक वेळा इंग्रजीवर फोडले जाते. मराठी माध्यमातून शिकून पुण्यात पाषाण, गणेशखिंड किंवा आगरकर रस्त्यावरच्या एखाद्या संशोधन संस्थेत दाखल झालेल्या विद्यार्थ्याला तर हे कारण सहज पटते. परंतु अशा विद्यार्थ्यांचे कच्चे मसुदे वाचताना निराळेच चित्र दिसते. व्याकरणाच्या सगळ्या चुका दुरुस्त केल्या तरी वाक्यांचा अर्थ लागत नाही, कारण आपल्याला नेमके काय सापडले आणि ते कुठवर खरे आहे, हे ठरण्याआधीच लिहायला सुरुवात झालेली असते. म्हणून येथे भाषेच्या सफाईपेक्षा त्या ठरवण्यावर अधिक भर दिला आहे. पेपर इंग्रजीत जाणार असला तरी उदाहरणे मराठीतच दिली आहेत; विचारातली गफलत कोणत्याही भाषेत तितकीच उघडी पडते.

आधी एक वाक्य

लिहायला बसण्यापूर्वी आपल्या निबंधाचे म्हणणे एकाच वाक्यात मांडून पाहावे. काय मोजले, कुठे किंवा कशावर मोजले, काय आढळले आणि ते कोणत्या मर्यादेत खरे आहे, इतके त्या वाक्यात आलेच पाहिजे. ते जमत नसेल तर प्रयोगाच्या वहीकडे परत जावे. मसुद्याकडे जाऊन उपयोग नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका विद्यार्थिनीने मुठा नदीच्या पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन मोजला आहे आणि तिने लिहिलेले पहिले वाक्य असे आहे : ‘वाढत्या शहरीकरणामुळे मुठा नदीच्या पाण्याच्या गुणवत्तेवर लक्षणीय परिणाम झाल्याचे दिसून आले.’ वाक्य व्याकरणशुद्ध आहे, ऐकायलाही भारदस्त आहे, पण त्यातला एकही शब्द तिच्या वहीतून आलेला नाही. शहरीकरण तिने मोजलेले नाही. ‘गुणवत्ता’ म्हणजे तिच्या कामापुरता फक्त ऑक्सिजन. ‘परिणाम’ कोणत्या दिशेने झाला हे वाचकाला कळत नाही, आणि ‘लक्षणीय’ हा शब्द आकड्याची जागा अडवून बसला आहे.

वहीत काय आहे असे तिला विचारत गेल्यावर वाक्य हळूहळू असे होते : ‘एप्रिल आणि मे महिन्यांत विठ्ठलवाडी, म्हात्रे पूल आणि संगम या तिन्ही ठिकाणी पहाटे मोजलेला विरघळलेला ऑक्सिजन दुपारच्या मोजणीपेक्षा कमी होता आणि ही तफावत संगमाजवळ सर्वांत जास्त होती.’ आता निबंधाला कणा आला. दिवसा पाण्यातील शेवाळ प्रकाशसंश्लेषणाने ऑक्सिजन सोडते आणि रात्री सगळे जीव श्वसनाने तो वापरत राहतात, म्हणून पहाटे तो सर्वांत खाली जातो, हे जलशास्त्रात पूर्वीपासून माहीत आहे. तिच्या निबंधाचे मोल निराळे आहे : नदीचे नमुने कार्यालयीन वेळेतच घेतले, तर माशांना पहाटे सोसाव्या लागणाऱ्या स्थितीपेक्षा नदी बरी दिसते, हे ती ठिकाणांसह आणि आकड्यांसह दाखवू शकते. शहरीकरणाचा मुद्दा चर्चेत एखाद्या वाक्यापुरता येईल किंवा येणारही नाही.

म्हणणे पक्के असले की निबंध आपोआप आटोपशीर होतो. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना त्यांचा आनुवंशिक नकाशातील अंतरांविषयीचा निबंध १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अवघा चार पानांचा आहे, आणि त्यात मांडलेले सूत्र जनुकीय नकाशे तयार करताना ‘कोसंबी फलन’ या नावाने आजही वापरले जाते. पाने वाढली म्हणजे काम मोठे झाले, ही समजूत आपल्याकडे प्रबंधाच्या जाडीवरून आली असावी. पेपर लिहिताना ती सोडून द्यावी.

वाचनाचा क्रम आणि लेखनाचा क्रम

प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती (ज्यांना आपण बोलताना रिझल्ट्स म्हणतो) आणि चर्चा हा क्रम विसाव्या शतकात रूढ झाला. तो वाचकासाठी आहे, आणि लेखकाने त्याच क्रमाने लिहावे असे बंधन नाही. माझ्या मते सर्वांत सोयीचा क्रम असा : आधी आकृत्या आणि तक्ते, मग निष्पत्ती, मग चर्चा, त्यानंतर प्रस्तावना, आणि सर्वांत शेवटी गोषवारा व शीर्षक. पद्धतीचा भाग मात्र प्रयोग चालू असतानाच लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी बाटली कोणत्या मापाची होती हे कोणालाही आठवत नाही.

आकृत्या टेबलावर ओळीने मांडाव्यात आणि फक्त त्या पाहून शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मित्राला सगळी हकीकत सांगता येते का, हे पाहावे. जिथे ‘यानंतर मी आणखी एक केलं होतं’ असे म्हणावे लागते तिथे आकृती कमी आहे, आणि जिच्याविषयी काहीच सांगावेसे वाटत नाही ती आकृती जास्तीची आहे. प्रत्येक अक्षावर राशीचे नाव आणि एकक असावे. उभ्या रेघांनी त्रुटी दाखवली असेल तर ती प्रमाण विचलन (मोजण्यांचा पसारा) आहे, प्रमाण त्रुटी (माध्याची अनिश्चितता) आहे की विश्वासांतर (खरे मूल्य ज्यात असावे तो टप्पा) आहे, हे आकृतीखाली लिहिलेच पाहिजे, कारण त्याच मोजण्यांतून काढलेली ही तीन मापे वाचकाला तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. मोजण्या थोड्या असतील तर स्तंभांऐवजी सगळे बिंदूच दाखवावेत. लाल आणि हिरवा यांतला फरक न दिसणारे वाचक बरेच असतात, म्हणून रंगांबरोबर चिन्हेही वेगळी ठेवावीत.

पद्धती : येथे हात आखडता घेऊ नये

शब्दसंख्या कमी करायची वेळ आली की विद्यार्थी पहिली कात्री पद्धतीच्या भागाला लावतात. खरे तर हाच भाग सर्वांत भरघोस असायला हवा, कारण दुसऱ्या कोणी तेच काम पुन्हा करायचे ठरवले तर त्याच्या हाती एवढाच मजकूर असतो. जागा फारच अपुरी असेल तर तपशील पुरवणीत द्यावा, पण तो गाळू नये.

आपल्या मुठेच्या उदाहरणात ‘विरघळलेला ऑक्सिजन प्रमाणित पद्धतीने मोजला’ हे वाक्य कितीतरी निबंधांत जसेच्या तसे सापडेल. त्यातून वाचकाला काहीच मिळत नाही. विंकलरची रासायनिक पद्धत वापरली की विद्युतशोधक (पाण्यात बुडवायचा संवेदक)? विंकलर असेल तर मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालून नमुना नदीकाठीच स्थिर केला, की बाटली तशीच प्रयोगशाळेत आणली? तशीच आणली असेल तर वाटेत पाण्यातले सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरत राहिले आणि मोजलेला आकडा नदीचा राहिला नाही. पाण्यात सांडपाणी मिसळले असेल तर नायट्राइटचा अडथळा येतो. तो टाळण्यासाठी अझाइड वापरले का? नमुना किती वाजता, किती खोलीवरून, काठाजवळून की प्रवाहाच्या मध्यातून घेतला? पाण्याचे तापमान किती होते? खडकवासला धरणातून त्या आठवड्यात विसर्ग चालू होता का? यांतली प्रत्येक बाब आकडा बदलू शकते. समुद्रसपाटीवर २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे ही मर्यादा पावणेआठच्या आसपास येते. हे ध्यानात न घेता किनारपट्टीवरच्या नदीशी तुलना केली तर मुठा आहे त्याहून थोडी अधिक बिघडलेली दिसेल.

जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीचे, म्हणजे पाण्यातला मैला कुजवताना सूक्ष्मजीव जो ऑक्सिजन वापरतात त्याच्या मापाचे, तर आणखी नाजूक आहे. पुष्कळ देशांत ती २० अंशांना पाच दिवसांनी मोजतात, तर भारतीय मानकात २७ अंशांना तीन दिवसांनी मोजण्याची रीत आहे. दिवस आणि तापमान न लिहिता नुसता आकडा दिला तर तो कशाशीही ताडता येत नाही.

इतर विषयांतही हीच कसोटी लावावी. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीवर निरीक्षणे घेतली असतील तर कोणता वारंवारता पट्टा, मापे जुळवण्यासाठी कोणता ज्ञात (कॅलिब्रेटर) स्रोत, स्रोतावर एकूण किती वेळ आणि ३० पैकी किती अँटेना चालू होत्या, हे लिहावे. सूक्ष्मजीवांवर काम केले असेल तर जातीचे नाव पुरत नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहासारख्या ठिकाणाहून तो आणला असेल तर त्याचा संग्रह क्रमांक द्यावा. वनस्पतीचा नमुना कोणत्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) कोणत्या क्रमांकाने जमा केला आहे, तेही असावे. हवामानावरील निबंधात ‘जोरदार पाऊस’ असे मोघम लिहू नये; भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘जोरदार’, आणि पावसाचा दिवस म्हणजे किमान २.५ मिलिमीटर. ती व्याख्या आपण स्वीकारली आहे की वेगळी, हे एकदा सांगून टाकले की पुढचा सगळा निबंध सुटसुटीत होतो.

आकडे मांडताना

निष्पत्तीच्या भागात प्रत्येक परिच्छेद निरीक्षणाने सुरू करावा. ‘आकृती २ मध्ये ऑक्सिजनचे प्रमाण दाखवले आहे’ हे वाक्य वाचकाला फक्त बोट दाखवते. ‘संगमाजवळ पहाटेचे माध्य दुपारच्या निम्म्याहून कमी होते (आकृती २)’ असे लिहिले की आकृती त्या विधानाचा पुरावा म्हणून उभी राहते.

पी मूल्य (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी आले एवढे सांगून थांबू नये. फरक आहे असे वाचकाला कळले, पण किती आहे? लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमचा फरकही पुरेसे नमुने घेतले तर संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरू शकतो, आणि माशांच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ नसतो. म्हणून आधी फरकाचा आकार, मग त्याचे विश्वासांतर आणि मग पी मूल्य, असा क्रम ठेवावा.

नमुन्यांची संख्या सांगताना फार जपावे लागते. एकाच बाटलीतल्या पाण्याची तीन वेळा अनुमापने (टायट्रेशन) केली तर नमुने तीन होत नाहीत, नमुना एकच राहतो. तीन आकड्यांतली तफावत आपल्या हाताच्या अचूकतेविषयी सांगते, नदीविषयी नव्हे. या गफलतीकडे हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिस्थितिकीच्या अभ्यासकांचे लक्ष वेधले, तरी ती अजून सर्रास दिसते. समीक्षकाने ती पकडली तर सुधारायला पुन्हा नदीवर जावे लागते, म्हणून हा विचार नमुने घेण्याआधीच झालेला बरा. तसेच, ब्युरेटवर (अनुमापनाच्या मोजनळीवर) जेवढे वाचता येते त्याहून अधिक दशांश स्थळे निबंधात देऊ नयेत. गणकयंत्राने ६.२८५७ दाखवले म्हणून ते आपण मोजले असे होत नाही; ६.३ लिहावे.

चर्चा, प्रस्तावना, गोषवारा

चर्चेत आपण पाहिलेले आणि आपल्याला वाटणारे यांची सरमिसळ होऊ देऊ नये. ‘पहाटे ऑक्सिजन कमी होता’ हे पाहिलेले आहे. ‘संगमाजवळ शेवाळ अधिक असल्यामुळे तेथील तफावत मोठी असावी’ हे अनुमान आहे. हरितद्रव्य मोजले नसेल तर ‘असावी’ हा शब्द काढता येणार नाही. पण एकाच वाक्यात ‘कदाचित’, ‘शक्यता’ आणि ‘काही अंशी’ असे तीन आडोसे घेऊ नयेत, एक पुरे. मर्यादा सांगतानाही नेमके राहावे. ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ ही मर्यादा नव्हे. ‘आमची सर्व निरीक्षणे एकाच उन्हाळ्यातील आहेत आणि विसर्गाच्या काळात नमुने घेतलेले नाहीत’ असे लिहिले तर पुढचा संशोधक कुठून सुरुवात करील हे त्याला कळते, आणि समीक्षकाचा विश्वासही वाढतो.

प्रस्तावना ‘पाणी हे जीवन आहे’ पासून सुरू करू नये. आपला निबंध जिथे छापला जाणार ते जर्नल वाचणाऱ्याला पाण्याचे महत्त्व पटवून देण्याची गरज नसते. आतापर्यंत काय माहीत आहे, त्यात कोणती फट आहे आणि ती बुजवण्यासाठी आम्ही काय केले, एवढे सांगितले की प्रस्तावनेचे काम झाले. आधीच्या निबंधांची ‘अमुक यांनी असे केले, तमुक यांनी तसे केले’ अशी जंत्री न देता त्यांना आपल्या प्रश्नाभोवती गुंफावे.

गोषवाऱ्यात निदान एक आकडा असावा आणि ‘निष्कर्षांची चर्चा केली आहे’ असले वाक्य नसावे, निष्कर्षच लिहावा. शीर्षकातले ‘एक अभ्यास’ हे शब्द काढून टाकले तर काहीही बिघडत नाही.

वाक्यांविषयी थोडेसे

मराठीत आपण नामाआधी विशेषणांची लांब साखळी सहज पेलतो आणि क्रियापद शेवटी ठेवतो. ऐकणाराही त्यासाठी थांबून राहतो. तीच सवय इंग्रजी वाक्यात उतरली की कर्ता एका टोकाला, क्रियापद तीन ओळींनंतर, आणि मध्ये नमुने, ठिकाणे, महिने यांची गर्दी, असे होते. कर्ता आणि क्रियापद जवळ आणावेत आणि बाकीचा तपशील मागे टाकावा. ‘मोजमाप करण्यात आले’ ऐवजी ‘मोजले’, ‘तुलना करण्याचे कार्य पार पाडले’ ऐवजी ‘तुलना केली’ असे लिहावे. ‘आम्ही मोजले’ असे कर्तरी लिहिण्यास आज बहुतेक जर्नलांची हरकत नसते.

शाळेतल्या निबंधात एकच शब्द पुन्हा वापरला की गुण जात, म्हणून आपल्याला प्रतिशब्द शोधायची सवय असते. शोधनिबंधात ती घातक ठरते. एका परिच्छेदात ‘ठिकाण’, पुढच्यात ‘स्थानक’ आणि त्यापुढे ‘केंद्र’ लिहिले तर वाचकाला ती तीन निरनिराळी स्थळे वाटतात. ज्याला एकदा जे नाव दिले तेच शेवटपर्यंत ठेवावे.

साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला चुकवण्यासाठी शब्द बदलत जाणे हा याच सवयीचा वाईट टप्पा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि त्या दहाच्या धास्तीने विद्यार्थी दुसऱ्याचे वाक्य घेऊन त्यातला शब्दन् शब्द पालटतात. मूळ निबंध बाजूला ठेवून त्यातले म्हणणे आठवणीने स्वतःच्या वाक्यात लिहावे, मग मूळ पाहून ताडावे आणि संदर्भ द्यावा. जो निबंध प्रत्यक्ष वाचला नाही त्याचा संदर्भ दुसऱ्याच्या यादीतून उचलू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून व्याकरण तपासून घेतले तर जर्नलच्या नियमानुसार तसे नमूद करावे. त्यांनी सुचवलेला प्रत्येक संदर्भ अस्तित्वात आहे का, हे स्वतः उघडून पाहावे.

पाठवण्यापूर्वी आणि पाठवल्यानंतर

लेखकांची नावे काम सुरू होतानाच बोलून ठरवावीत. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष इतर विषयांतही उपयोगी पडतात : कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी, या चारही गोष्टी असतील तरच लेखक. केवळ मान म्हणून कोणाचे नाव घालू नये. उपकरण वापरू दिले त्यांचे आभार आभाराच्या जागी मानावेत. नमुने घ्यायला पहाटे नदीवर येणाऱ्या सहाय्यकाचेही आभार तेथे आवर्जून असावेत.

जर्नल निवडताना सरांना विचारावे आणि त्याचे गेल्या वर्षभरातले चार-पाच निबंध स्वतः वाचावेत. मान्य जर्नलांच्या यूजीसी-केअर यादीचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. आयोगाने २०२५ मध्ये ती यादी बंद केल्यापासून पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर आणि आपल्यावर अधिक आली आहे. आठवड्यात छापून देतो, असे सांगून पैसे मागणाऱ्या जर्नलात समीक्षा होत नसते.

समीक्षकांचे शेरे आले की दोन दिवस ते नुसते वाचावेत. मग प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली उत्तर, आणि मसुद्यात कोणत्या ओळीत काय बदलले, हे लिहावे. समीक्षकाला आपले म्हणणे चुकीचे कळले असेल तर ‘आपण नीट वाचले नाही’ असा सूर लावू नये. त्याच्यासारख्या जाणकाराला जिथे ठेच लागली ती ओळ बदलावी. जिथे आपण खरोखर असहमत आहोत तिथे पुराव्यासह, सभ्यपणे तसे सांगावे. संपादक ते मान्य करतात.

शेवटी प्रूफ (छपाईपूर्वी तपासायची प्रत) येते आणि ते साधारण दोन दिवसांत परत मागतात. तोवर सगळे थकलेले असतात आणि ते नुसते चाळून पाठवले जाते. याच टप्प्यावर म्यू हे ग्रीक अक्षर फाँट बदलताना रोमन एम होऊन मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात, वजा चिन्हे गळतात, तक्त्यातला एखादा स्तंभ एका ओळीने वर सरकतो. म्हणून दोघांनी बसावे : एकाने प्रूफमधला प्रत्येक आकडा एककासह मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने तो छापील मसुद्याशी नव्हे, प्रयोगाच्या वहीशी ताडावा.